खळ्यावरचे अकरा सेकंद

हार्वेस्टर धानाच्या बांधीतून निघून डांबरी रस्त्याला लागला, आणि मागे जी शांतता उरली ती मी मोजली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला आसगावच्या बाजूनं एक मोटारसायकल फटफटत आली. मोजण्याची ही सवय नोकरीची आहे. नोकरी संपून पाच वर्षं झाली, सवय तेवढी राहिली.

सकाळचा चहा घेऊन आम्ही शेतात आलो तेव्हा धान उभं होतं. जेवणाच्या आधी दोन एकर संपले. माझा धाकटा भाऊ ट्रॉलीवर ताडपत्री ओढत होता. तो माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आईबाबांच्या मागे शेती तोच पाहतो. मी त्याला विचारलं, "आपलं खळं नेमकं कुठं होतं रे?"

"तू उभी आहेस ना ताई, तेच," दोरी आवळत तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. यंत्राच्या चाकांनी उमटवलेली नक्षी, चुरा झालेली तणस, एक पिचकलेली पाण्याची बाटली. खळ्याची काही खूण नव्हती. पण वाकून मूठभर माती नाकाशी धरली आणि ती ओळखीची निघाली.

लहानपणी खळं आधी नाकालाच कळायचं. दिवाळीची पणती विझली की बाबा बांधीच्या कडेची ही जागा खरवडून घेत, पाणी शिंपडत, बैल फिरवून दाबून काढत. मग माय आणि मी शेणानं सारवायचो. मायच्या हाताचे सपके अर्धवर्तुळाकार, एकासारखे एक. माझे कुठंही जाणारे. दोन दिवसांच्या उन्हात त्या सारवणाची कातडी तयार व्हायची. अनवाणी पायाला ती गार आणि गुळगुळीत लागे. बाजूला कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे, झोपडीएवढे उंच. पुंजण्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत कोमट असायचं, कुणी तिथं झोपून नुकतंच उठल्यासारखं. तलावाकडून वारा आला की त्यात चिखलाचा आणि उकडलेल्या शिंगाड्यांचा वास मिसळायचा. बांधीत धानाच्या बुडख्यांमधून लाखोळी वर येत असायची आणि माय तिचे कोवळे शेंडे खुडून पदरात टाकायची.

मधल्या खुंटाभोवती आमचे बैल, चांद्या आणि कबऱ्या, गोल फिरत. चांद्याच्या गळ्यातली घंटी घोगरी, कबऱ्याची बारीक. दिवसभर ती दोन घंट्यांची भाषा कानावर असायची, इतकी की रात्री अंथरुणावर डोळे मिटले तरी ती डोक्यात फिरत राहायची.

आणि मग तो दिवस यायचा, ज्या दिवशी घंट्या वाजायच्या नाहीत.

धान उपणून झालेलं असे. खळ्याच्या मधोमध रास उभी. बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून येत. राशीभोवती राखेची रेघ ओढत, झेंडूची दोन फुलं ठेवत, विळा ठेवत, आणि धान मोजायची लोखंडी पायली राशीच्या माथ्यावर पालथी घालत. त्यानंतर त्यांचा उजवा हात वर जाई. तळवा आमच्याकडे. त्या हातानंतर कुणी बोलायचं नाही.

"बोललं का रास उठून जाते," बाबा सांगत. नव्या सुनेसारखी ती बुजरी असते, गलका ऐकला की उंबऱ्यावरून परत फिरते, असं माय त्याला जोडायची. म्हणून सगळी तयारी आधीच व्हायची. बैलांच्या घंट्यांत तणस कोंबली जायची. कुत्रं शेजारच्या तुळशीरामकाकाकडे बांधलं जायचं. माय हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची आणि दुसऱ्या हातानं त्या घट्ट धरून उभी राहायची. मी ओठ दातांत दाबायची, कारण नेमकं तेव्हाच मला हसू यायचं.

बाबा पायली सुलटी करत, भरत, वरून हात फिरवत आणि टोपल्यात ओतत. मग म्हणत, "लाभ!" पहिल्या पायलीला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्या शब्दासरशी सगळं जग परत सुरू व्हायचं. माय बांगड्या खाली सोडायची, काका ओरडून विचारायचा, "झाली का गा?" आणि बैलांच्या गळ्यातली तणस काढली जायची.

ती शांतता किती वेळाची होती, हे मी तेव्हा कधी मोजलं नाही. मोजायला शिकले ते शहरात.

शहरात जाणं माझ्या हातून झालं असं मी कधी म्हणणार नाही. पवनीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः आणला, स्वतः भरला आणि बाबांना म्हणाले, "इथं सही करा, अंगठा नको. पोरीला पुढं दाखवायला बरं." बाबांनी तीन दिवस चुलीतली राख अंगणात पसरून त्यावर बोटानं आपलं नाव गिरवलं. चौथ्या दिवशी फॉर्मवर सही केली. आमच्या घरातली ती पहिली सही, आणि भंडाऱ्याहून मी आणलेली बी. एस्सी. ही घरातली पहिली पदवी. दोन्ही कागद मायनं एकाच पिशवीत ठेवले होते.

नोकरी लागली ती नागपूरच्या एका संस्थेत. तिथं शेतीवरचे, आरोग्यावरचे कार्यक्रम तयार होत आणि टेपा टीव्ही केंद्रावर पाठवल्या जात. माझं काम सगळ्यात शेवटचं. चित्रीकरण झालं, संपादन झालं, संगीत लागलं, की टेप माझ्या खोलीत यायची. ती मी पूर्ण पाहायची, ऐकायची आणि दोष शोधायचे. चित्रावर पांढरी रेघ चमकून गेली, रंग लाल झाला, बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द मागेपुढे झाले, आवाज चिरका झाला किंवा गेला; जे असेल ते कागदावर लिहायचं. कागदावर तीन रकाने होते: वेळ, दोष, काय करावं. माझी सही झाल्याशिवाय टेप बाहेर जात नसे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे तू निवडून राहिली. माय तांदळातले गोटे काढते तसं." मी हो म्हटलं. यापेक्षा चांगलं मला अजूनही सांगता येत नाही.

त्या खोलीला खिडकी नव्हती. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढायच्या, धुळीसाठी. आत गारवा, तापलेल्या टेपचा किंचित गोडसर वास आणि यंत्राची चकती पुसायच्या स्पिरिटचा वास. दर टेपच्या सुरुवातीला रंगांच्या उभ्या पट्ट्या यायच्या आणि त्यासोबत एक सलग शिट्टी. त्या शिट्टीवर आवाजाच्या मापाचा काटा जुळवायचा. पहिले काही महिने ती शिट्टी माझ्या कानात झोपेतही वाजायची, पूर्वी घंट्या वाजायच्या तशी. एके दिवशी लक्षात आलं की आता घंट्या ऐकूच येत नाहीत. त्याचं तेव्हा वाईटही वाटलं नाही.

मला काम शिकवलं खोब्रागडे साहेबांनी. ते साकोलीकडचे, पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर कायम एक निळ्या चौकड्यांचा पंचा. त्यांची पद्धत तीन फेऱ्यांची होती. पहिल्या फेरीत आवाज बंद करून फक्त चित्र पाहायचं. दुसऱ्या फेरीत पंचा पडद्यावर टाकून फक्त ऐकायचं, डोळे काट्यावर. तिसऱ्या फेरीत दोन्ही सोबत.

"डोळा कामाले लागला का कान झोपते," ते म्हणत. "दोघायले अलग अलग कामाले लाव. मग शेवटी दोघायची भेट करून दे. दोघं काय म्हणते ते आईक, मंग सही कर."

"आणि सर, आवाज मुद्दाम नसेल तर?" मी एकदा विचारलं होतं.

"पाच सेकंदाच्या वर आवाज नसला का लिही. घरचा माणूस उठते अन् टीव्हीले थापड मारते. आपल्यामुळं कोणाच्या टीव्हीले मार बसू नये."

मला रुजू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा धानावर एक कार्यक्रम करायचं ठरलं. रोवणीपासून राशीपर्यंत. संपादन करणारा शिरीष शहरातच वाढलेला, हौशी मुलगा. त्यानं विचारलं, खरीखुरी रास कुठं मिळेल? मी कुणाच्याही आधी बोलले, "आमच्याकडे."

त्या रविवारी मी गावी गेले. बाबा ओसरीवर दोर वळत होते, तुळशीरामकाका बिडी ओढत बसला होता.

"टीव्हीत?" काका म्हणाला. "ह्याले? ह्याच्या धोतराले तीन ठिगळं आहेत बाप्पा. रंगीत टीव्हीत ठिगळंबी रंगीत दिसन."

बाबा हसले नाहीत. दोर वळायचा थांबवून त्यांनी मला विचारलं, "राशीच्या वक्ताले येतीन काय ते?"

"हो."

"मंग बोलतीन ते. शहरातले लोक चूप नाही राहात."

"नाही बोलणार, बाबा."

"त्यायची मशीन?"

"तीबी नाही. मी सांगते ना. कोणी आवाज करणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या माणसांपुढे रास मोजायची नाही ही आमच्या घरची रीत. ती त्यांनी त्या क्षणी माझ्या शब्दावर सोडली. "तू म्हणतेस त येऊ दे," ते म्हणाले आणि परत दोर वळू लागले.

चित्रीकरणाला मला जाता आलं नाही, खोलीत टेपा साचल्या होत्या. मंडळी परतल्यावर शिरीष म्हणाला, "तुझ्या बाबांनी हात वर केला ना, आमचा ड्रायव्हरसुद्धा जागच्या जागी उभा राहिला." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पंधरा दिवसांनी संपादित टेप माझ्या खोलीत आली. केंद्रावर जाणारी गाडी दुपारी तीनला निघणार होती. साहेब दारातून म्हणाले, "तुह्या बापाची आहे. मी पाहू काय?"

"नाही सर, मीच पाहते."

"मंग कडक पाह्यजो. आपल्या माणसाले सूट नाही."

पहिली फेरी. आवाज बंद. पडद्यावर आमची बांधी आली, आणि पुढं बाबा. रंगीत. मी त्यांना आयुष्यभर पाहत आले होते, पण असं समोर बसून, त्यांनी माझ्याकडे न पाहता, मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्या कानावरचे पांढरे केस. पायाच्या अंगठ्याचं फुटलेलं नख. ठिगळं खरंच दिसत होती. मायनं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, चांद्याच्या घंटीतून तणसीचा झुबका बाहेर लोंबत होता. टेप संपली. मी ती मागे नेली आणि परत पाहिली. दोष शोधायला नाही. नुसतीच.

मग घड्याळ पाहिलं. घाईनं पंचा पडद्यावर टाकला, हेडफोन चढवले आणि डोळे काट्यावर लावले. आपल्या माणसाला सूट नाही. काटा हलत होता, हलत होता आणि एका ठिकाणी पडला. पडूनच राहिला. मी मोजलं. अकरा सेकंद. मग बाबांचा आवाज आला, "लाभ!" आणि काटा उसळला.

मी कागदावर लिहिलं: आवाज नाही, अकरा सेकंद. दुरुस्ती करावी.

तिसऱ्या फेरीचा वेळ मी पहिल्या फेरीतच खर्चून बसले होते. शिरीष दारात उभा होता. मी सही करून कागद त्याच्या हातात दिला.

त्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम लागला. होस्टेलच्या टीव्हीपुढे मी मैत्रिणींना बसवून ठेवलं होतं. हे माझे बाबा, ही माय. रास आली. बाबांचा हात वर गेला. आणि बासरी वाजू लागली. बासरीसोबत बैलांच्या घंट्या, रुणझुण, रुणझुण. शिरीषनं संस्थेच्या साठ्यातून काढून तिथं हौसेनं लावल्या होत्या. मैत्रीण म्हणाली, "अय्या, किती छान!"  त्या क्षणी मला कळलं, मी काय दुरुस्त करायला सांगितलं होतं.

शनिवारी एस.टी.तून उतरले तर पारावर तुळशीरामकाका होताच.

"काय वं, तुमच्या टीव्हीतल्या घंट्या तणस कोंबूनबी वाजते काय?" भोवतीचे चारजण हसले. "अख्खं गाव पंचायतीपुढं बसलं होतं. जे हसले, जे हसले! तुहा बाप हात वर करते अन् बैल वाजवून राहिले!"

घरी बाबा खुराड्याची फळी ठोकत होते. मी पिशवी खाली ठेवली. ते वळले नाहीत.

"कोणं वाजवल्या त्या?" त्यांनी विचारलं.

"शिरीषनं. पण मी लिहून दिलं होतं. तिथं आवाज नाही म्हणून."

"आवाज नव्हताच. चूप होतो आम्ही."

"हो."

"तुले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं, बाबा."

ते वळले. रागावलेले नव्हते. खरोखरच समजून घ्यायचं होतं त्यांना. "मंग?"

 काटा, पंचा, तीनची गाडी, यातलं काहीच सांगण्यासारखं वाटेना. माय आतून म्हणाली, "जेवाले बसा वं." आम्ही जेवलो. भाजी लाखोळीची होती आणि कुणी काही बोललं नाही. ती शांतता मात्र खळ्यावरची नव्हती.

सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पहिली फेरी दोनदा पाहिली हेही.

"तिसरी फेरी काहून शिकवली होती मी?" त्यांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पंच्यानं बराच वेळ पुसला.

"माहा बाप टेपवर आला असता त मीबी दोनदा पाह्यला असता," ते म्हणाले. "तो कधी फोटोतबी नाही आला." मग उठलेच. "चाल. मूळ टेप पुसाले गेली नसन त सापडन."

तेव्हा टेपा फार जपून वापरत. चित्रीकरणाची मूळ टेप महिनाअखेर पुसली जायची आणि तिच्यावर दुसरं काही भरलं जायचं. आमची टेप पुसायच्या गठ्ठ्यात वरून तिसरी होती. साहेबांनी ती काढली, यंत्रात घातली, पडद्यावर पंचा टाकला, माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मी कधीच ते इतकं फिरवलं नव्हतं.

ते अकरा सेकंद रिकामे नव्हते.

आधी वारा होता, पुंजण्यावरून जाणारा, तणसीची टोकं एकमेकांना लावत. मग कुणाचा तरी श्वास, बहुतेक कबऱ्याचा, ओला. लांब तलावावर एक पाणकोंबडी. बाबांच्या हाताखालून राशीचं धान सरकत होतं, आणि त्याचा एक आवाज होता. रेशमी म्हणवत नाही, सापाची कात सरकावी तसाही नाही. धान धानावरून उतरतं तसा. आणि अगदी शेवटी, लाभच्या जरा आधी, एक बारीक किणकिण. मायची बांगडी.

मी हेडफोन काढून साहेबांना दिले. त्यांनी पुन्हा लावून ऐकलं. पंच्याखाली काय आहे ते न पाहता त्यांनी विचारलं, "मायची?"

मी मान हलवली.

शिरीषला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, मी मदत करतोय," तो म्हणाला. आम्ही दोघांनी बसून बासरी आणि घंट्या काढल्या आणि मूळ अकरा सेकंद परत जागेवर बसवले. मी तिन्ही फेऱ्या केल्या. नव्या कागदावर दोषाच्या रकान्यात लिहिलं: अकरा सेकंद शांतता. दोष नाही. ठेवावी. साहेबांनी त्याखाली स्वतःची सही केली. तशी पद्धत नव्हती.

कार्यक्रम परत लागायला दोन महिने गेले. मी रजा घेऊन गावी आले. बाबा येईनात. "एकदा पाह्यलं ना," म्हणाले. मायनं त्यांच्या खांद्यावर धुतलेला दुपट्टा टाकला आणि एवढंच म्हणाली, "पोरगी रजा टाकून आली." ते उठले.

पंचायतीपुढच्या पटांगणात या वेळी माणसं कमी होती. काही नुसती घंट्यांवर हसायला आलेली. टीव्ही लाकडी पेटीत, उंचावर. माझा भाऊ चार वर्षांचा, मायच्या मांडीवर. रोवणी झाली, कापणी झाली, रास आली. पडद्यावरच्या बाबांचा हात वर गेला आणि आवाज गेला.

एक सेकंद, दोन. लोक चुळबुळले. "गेला गा आवाज!" कुणीतरी म्हणालं. "लाइन गेली काय?" तुळशीरामकाका उठला, पेटीला थापड मारायला दोन पावलं पुढं गेला.

तेव्हा बाबांनी हात वर केला.

पडद्यावरच्या नव्हे, माझ्या शेजारी बसलेल्या बाबांनी. तळवा लोकांकडे. काका वर उचललेला हात तसाच घेऊन थांबला. पटांगण शांत झालं. लेकरं शांत झाली. पडद्यावर बाबा पायली भरत होते आणि इथं त्यांच्या वर गेलेल्या हातापुढं सगळं गाव उभ्याचं उभं, बसल्याचं बसलं. त्या जुन्या टीव्हीच्या कर्ण्यातून वारा ऐकू येणं शक्य नव्हतं, धान सरकणंही नाही. पण माणसं ऐकत होती.

"लाभ!" टीव्हीतले बाबा म्हणाले.

काकानं हात खाली घेतला. "झाली का गा?" त्यानं हळूच विचारलं, खळ्यावर विचारायचा तसं. कुणी हसलं नाही. बाबांनी मान हलवली, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. क्षणभरच. त्या हाताला दोराचा वास होता.

घरी परतताना माय माझ्याजवळ सरकली. "माही एक बांगडी वाजली होती त्या दिवशी," ती कुजबुजली. "तुह्या बाबाले सांगू नोको. दोन महिने झोप नाही मले."

"नाही ऐकू आली गं कुणाला," मी म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या नोकरीत जाणूनबुजून सोडलेला तो एकच दोष.

त्यानंतर मी एकतीस वर्षं टेपा तपासल्या. पाऊण इंची टेपा गेल्या, लहान कॅसेटी आल्या, मग नुसत्या फायली. खोब्रागडे साहेब निवृत्त होताना पंचा मला देऊन गेले. बाबा गेले, पुढं मायही गेली. ती टेप संस्थेच्या कपाटात बरीच वर्षं होती. मग एका वर्षी मी रजेवर असताना कपाटं रिकामी झाली आणि परत आले तर कपाटाच्या जागी भिंत दिसली. मी विचारत फिरले. कुणाला ती आठवत नव्हती, आणि आठवावी तरी का? बाबांचा दुसरा आवाज कुठंच नाही. फोटो आहेत, फॉर्मवरची सही आहे. आवाज नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या "लाभ!"ची जितकी आठवण येते, त्याहून जास्त त्याच्या आधीच्या अकरा सेकंदांची येते. रात्री पंखा बंद करून मी कित्येकदा ते ऐकायचा प्रयत्न केला आहे. वारा येतो. पाणकोंबडी येते. धान सरकतं ते काही केल्या येत नाही.

"चालतेस ना ताई?" भावानं ट्रॅक्टर सुरू केला. "धान खरेदी केंद्रावर लाइन लागते."

"बंद कर ना जरा."

"काहून?"

"कर ना."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन दोनदा उसासलं आणि थांबलं. मोटारसायकल केव्हाच गेली होती. मी खळ्याच्या जागेवर उभी होते. तो काहीतरी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात थांबला. माझ्याकडे, माझ्या डोक्याच्या जरा वर पाहत राहिला. मग मलाच कळलं की माझा उजवा हात वर गेला आहे.

तेव्हा तो चार वर्षांचा होता, मायच्या मांडीवर. त्याला काय आठवत असेल, मला माहीत नाही. त्याच्या खिशातला फोन थरथरू लागला. त्यानं तो काढला नाही. वरून हात ठेवून घट्ट दाबून धरला, घंटीत तणस कोंबावी तसा.

ताडपत्रीखाली, ट्रॉलीत, धान हळूहळू खाली बसत होतं. धान धानावरून उतरतं तसं.

किती वेळ, ते या खेपेला मी मोजलं नाही.